चिपांचे वाळवण

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. प्रत्येक बिघाडाला एखादा आपसूक चिकटतो. आणि परभणीतल्या आमच्या संगणक-विभागात बिघाडांची टंचाई कधीच नव्हती! पदव्युत्तर वर्गात आम्ही दोघेच, मी आणि जिंतूरची वसुधा. शिकवायला कांबळे सर. आणि विभागाला संगणक एक.

त्या संगणकाला नवी हार्ड डिस्क ओळखता येईना, कारण त्याला जागे करणारा मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम जुना होता. ती चिप पुसून नव्याने लिहायची, हाच वसुधाच्या प्रबंधाचा विषय. त्या मापाची कोरी चिप कुठे मिळत नव्हती.

*

चिप लिहिणारा प्रोग्राम औरंगाबादच्या एका मित्राने फुकट दिला, मूळ कोडसकट. ज्याला दुरुस्ती सुचेल त्याने ती करावी आणि कोडच्या माथ्यावर आपले नाव लिहावे, असा त्याचा रिवाज होता.

फ्लॉपी एस.टी.ने निघाली आणि नामांतराच्या बंदमध्ये झरीला अडकली. सर सायकलवर झरीला गेले. कंडक्टरने पाकीट हातावर तोलून पाहिले.

"सर, लय हलकं हाय. रिकामंच पाठवलं की काय?"

"भरल्यावरबी तेवढंच भरतंय," सर गंभीरपणे म्हणाले.

*

चिप पुसायला अतिनील दिवा लागतो. दिवा आमच्याकडे नव्हता. ऊन मात्र हवे तितके! सरावासाठी आणलेल्या जुन्या चिपा आम्ही सरांच्या गच्चीवर, वहिनींच्या कुरडयांशेजारी, ताटात मांडल्या.

कित्येक दिवस झाले, एक अक्षर पुसले जाईना. मी उन्हाच्या कोनांचे गणित मांडले, वसुधाने ते खोडले. अखेर भर दुपारी सर स्वतः गच्चीवर गेले. कुरडयांवर आणि चिपांवर एकच धोतर पांघरलेले!

"धूळ बसायली होती," वहिनी म्हणाल्या. "उघड्यावर कोण वाळू घालतंय?"

*

धोतर हटल्यावर चिपा कोऱ्या झाल्या, आणि त्यातली एक आम्ही संगणकाला जोडलेल्या लिहिण्याच्या खोबणीत बसवली. पहिल्या चाचणीत पडद्यावर 'यशस्वी' असे उमटले आणि चिपमधून धूर निघाला.

"प्रोग्राम खोटं बोलायलाय," सर म्हणाले. "वास खरा हाय."

मग वसुधाने दुरुस्ती लिहिली: थोडे थोडे लिहायचे, लगेच वाचून पाहायचे, मगच पुढे जायचे. सरांनी मात्र प्रत्येक चिप हुंगण्याची सवय सोडली नाही. पालमहून आलेल्या एका पालकांनी मला हळूच विचारले, "सरांना सर्दी झालीय का?"

*

आता पाळी मदरबोर्डवरच्या खऱ्या चिपेची होती. प्राचार्य दारात उभे राहून म्हणाले, "चिप जळाली तर विभागाचा संगणक गेला. दुरुस्तीवर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची. विद्यार्थ्याचं असलं तर प्रबंध थांबेल, हे आत्ताच सांगतो."

कोडच्या माथ्यावरची ओळ वसुधाने कोरीच ठेवली होती. तिचे म्हणणे, आधी चालू तर दे.

*

चाचणीच्या सकाळी शेजारच्या विभागाचा संगणक उसना आणला, कारण चिप काढून उन्हात पुसल्यापासून आमचा तर मुकाच होता. सर त्याच्यासमोर बसले आणि त्या कोऱ्या ओळीत त्यांनी शांतपणे स्वतःचे नाव लिहिले.

मी वसुधाकडे पाहिले. तिचे कान लाल झाले होते.

"सर, ती दुरुस्ती मी केलीय."

"ठाऊक हाय मला. चिप बसव."

तिने चिप खोबणीत बसवली. लिहून झाले. सरांनी हुंगून पाहिले, मान डोलावली. चिप मदरबोर्डवर गेली, बटण दाबले. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच राहिला. आमच्यातले कोणी एकमेकांकडे बघेना.

मग वरच्या कोपऱ्यात आकडे धावू लागले, आणि त्यांच्याखाली नव्या हार्ड डिस्कचे नाव आले! वसुधा मटकन जमिनीवरच बसली.

प्राचार्य डोकावले. "झालं का? मग नाव सांगा."

"दोन मिनिटं थांबता का, सर?" कांबळे सरांनी त्यांना विचारले.

मग ते उसन्या संगणकाकडे वळले. कोड उघडून त्यांनी आपले नाव एकेक अक्षर करत पुसले, आणि खुर्चीवरून उठले.

"वसुधा, ऊठ. इथं बस. आता लिही तुझं नाव."