तिने न घेतलेली माघार

पोलिसातून निवृत्त झाल्यावर बरंच विसरायला झालं, पण ते प्रकरण मनातून गेलेलं नाही. वरळीच्या एका सरकारी कार्यालयात ई-निविदा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एके दुपारी तिथले वरिष्ठ लिपिक एका बाईंना घेऊन पोलीस ठाण्यात आले. गृहस्थ कोळीवाड्यातले, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. बाई डिलाईल रोडच्या चाळीत दहा-बारा जणींना हाताशी घेऊन रुग्णालयांच्या चादरी शिवायच्या.

"साहेब, मी निविदा मागे घेतली असं कम्प्युटर सांगतो. मी नाय घेतली," बाई म्हणाल्या. "काम गेलं तर माझ्या बायका घरी बसतील."

लिपिक म्हणाले, "सकाळी यांनी कापडाचा नमुना आणून दिला आणि बाराला निविदा मागे. मला पटेना, म्हणून यांना फोन केला."

वरिष्ठांनी त्यांना दम भरला होता, "सिस्टीम सांगते ते धर, नाहीतर जाता जाता चौकशी लावीन." तरीही निविदा उघडू नयेत अशी लेखी टिपणी देऊनच ते आले होते.

मी तक्रार नोंदवून घेतली आणि बाईंना विचारलं, "तुमची डिजिटल सही ज्यात असते तो डोंगल कुठे असतो?"

"फॉर्म भरून देतो त्याच्याकडेच. पासवर्डपण त्यालाच ठाऊक."

त्या माणसाचं परळला दुकान होतं. तो शांतपणे म्हणाला, "बाईंनीच फोन करून मागे घ्यायला सांगितलं." मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा शब्दन् शब्द तेच उत्तर. खरं बोलणारा अडखळतो, मध्येच चूक सुधारतो. हा पाठ करून आला होता.

पण संशयावर गुन्हा उभा राहत नाही. वाट लिपिकांनीच दाखवली. "पोर्टलवर कुठल्या इंटरनेट जोडणीवरून काय झालं, त्याची नोंद राहते. पत्र देऊन मागवा."

उत्तर आलं. बाईंची निविदा ज्या जोडणीवरून मागे घेतली गेली, त्याच जोडणीवरून, म्हणजे एका बड्या ठेकेदाराच्या ऑफिसातून, त्याची त्याच कामाची निविदा भरलेली होती. तो कागद पुढे ठेवल्यावर दुकानदाराने पाणी मागितलं.

"साहेब, त्यांनी तासाभरासाठी डोंगल मागितला. मी दिला, पासवर्डपण सांगितला."

ठेकेदाराला अटक झाली. निविदा नव्याने मागवल्या. या वेळी बाईंनी स्वतः कम्प्युटरसमोर बसून फॉर्म भरला आणि काम मिळवलं.

लिपिकांचा जबाब घेऊन झाल्यावर मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण पूर्वी निविदेची पेटी असायची, तेव्हा ठेकेदाराची माणसं दारातच लोकांची निविदांची पाकिटं हिसकावून घ्यायची. मी खुर्चीतून बघायचो. दाखवायला हातात काही नसायचं. या वेळी होतं."

त्या दारावर बंदोबस्ताला कित्येकदा मीच होतो. लेखी तक्रार नाही, एवढं म्हणून परत यायचो. नोंद ठेवणारी यंत्रणा आली हे चांगलंच झालं. पण ती नोंद मागवायला सांगणारा माणूस यंत्रणेच्या कितीतरी आधीपासून आत बसलेला होता, आणि आत जाऊन त्याला विचारावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.