मन फार आहे, म्हणूनच नको

माझ्या धाकट्या साडूइतका हौशी माणूस अख्ख्या बडोद्यात झाला नाही, आणि स्वतःची हौस मारण्यात त्याचा हात धरणाराही झाला नाही. मी चौथीतून उठलेला माणूस, पण हे कुणाही शिकलेल्यापुढे ठासून सांगेन. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून सुटल्यावर सेव-उसळीची गाडी दिसली की हा सायकलवरून उतरायचा, डोळे मिटून रश्श्याचा वास छातीभर घ्यायचा, आणि गाडीवाल्यानं बशी पुढे केली की आवंढा गिळून म्हणायचा, "मन तो बहु छे, एटलेच ना." मन फार आहे, म्हणूनच नको!

"अरे, म्हणूनच म्हणजे काय?" मी भर रस्त्यात ओरडायचो.

"भाऊ, जे आवडत नाही त्याला नको म्हणून काय वाचणार? आवडतं तेच वेळ खातं."

बरं, नको म्हणून मोकळं व्हावं, तर तेही नाही. नको म्हटल्याची त्याला इतकी लाज वाटायची की त्या माणसाला तो पुढे आठवडाभर तोंड दाखवायचा नाही. भजनमंडळवाले ढोलकीसाठी बोलवायला आले, तेव्हा यानं बोलता बोलता मांडीवर अख्खा ठेका वाजवून दाखवला आणि नाही म्हणाला. मग ते बाजारात दिसले तर वांग्यांच्या ढिगाआड खाली बसला. भाजीवालीनं विचारलं, "शुं खोवाणुं, भाई?" काय हरवलं म्हणून. लाजेनं बिचाऱ्यानं दोन किलो वांगी घेतली. सोबत मी होतो. कुठं बघावं मला कळेना.

त्या दिवसांत मकरपुऱ्यात नवे कारखाने येत होते. एका कारखान्यात परदेशी लेथ आली. साडू ती बघून आला आणि नव्या नवरीबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलत राहिला. त्यांनी त्याला संध्याकाळच्या पाळीवर बोलावलं. याचं उत्तर तेच.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या पोरीला, छबीला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, रोज संध्याकाळी उजेडाकडे तोंड करून तिच्यापुढे बसा, ओठ दिसू द्या, सावकाश बोला, खाडा करू नका. यानं त्याच दिवशी मिशी उतरवली. काय मिशी होती! माझ्या मिशीला टक्कर देणारी तेवढी एकच. सगळे सोहळे सोडून हा पोरीसमोर बसून "पाणी, पाणी, चिमणी, चिमणी" करत राहायचा, आणि पोरगी नुसती बघत राहायची. वर्षं गेली. ती बोलेल असं त्याच्याशिवाय कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

एका उत्तराणीला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, तो छबीला घेऊन आमच्या गच्चीवर आला. आज माझा साडू समोरच्यांचे सगळे पतंग कापणार, असं मी पाहुण्यांना सांगून बसलो होतो. ऊन उतरायला लागलं तसा तो निघाला. मी मांजा त्याच्यापुढे धरला. "एक पतंग, साडूभाऊ. माझी लाज राख."

त्यानं पतंगाकडे पाहिलं. आवंढा गिळला. त्याचं तोंड उघडायच्या आत छबी माझ्यापुढे उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "नको!"

 गच्चीवर हसण्याचा एकच गलका. साडू कानापर्यंत लाल. "हा शब्द मी शिकवला नव्हता हो," म्हणाला, आणि रडायला लागला. मी वाकून पोरीला म्हटलं, "शाब्बास!" तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग बापाकडे वळली. काका काय म्हणाले, असं तिचे डोळे त्याला विचारत होते. साडूनं सावकाश ओठ हलवून माझी शाबासकी तिला सांगितली. माझ्या मिशीतून तिच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

आता छबी घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत शिवणाचं दुकान चालवते. गिऱ्हाइकांशी मराठीत, गुजरातीत बोलते, भांडतेसुद्धा. साडू संध्याकाळी दुकानात बसून असतो, अगदी मोकळा. पण ढोलकीला बोटं वळत नाहीत, आणि बोलावणारेही राहिले नाहीत.

मी जातो तेव्हा बोटानं मिशी वर धरतो आणि विचारतो, "बरी आहेस ना?" ती हसते. "काका, काढून टाका ना ती!"

"नको," मी म्हणतो.

कोपऱ्यात बिनमिशीचा साडू गालातल्या गालात हसतो. मग माझी मान खाली जाते आणि मी मिशीवरचं बोट काढून घेतो. पुढे माफी मागितल्यासारखं जे पुटपुटतो ते तिला दिसत नाही.