सिस्टरांचा सराव

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मला महाराणी म्हणत. नाव कौतुकाचं नव्हतं. डावीकडून कोणी हाताने खुणावलं, हसून पाहिलं, तरी मी ढिम्म हलत नसे, म्हणून आमच्या कॅप्टनने ते ठेवलं आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी बसलं. मीही ते नाक वर करून मिरवलं. खरं कारण सांगण्यापेक्षा शिष्ट ठरणं सोपं होतं. सातव्या वर्षी आलेल्या तापात माझा डावा डोळा गेला. बाहेरून काही कळत नाही, दोन्ही डोळे सारखेच दिसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईने तेव्हापासून माझ्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. संघात निवड होताना डोळे तपासले, तेव्हा मी आधी उजव्या हाताने डावा डोळा झाकला आणि मग डाव्या हाताने पुन्हा डावाच. तपासणाऱ्याला घाई होती.

खेळाडू म्हणून मला वसतिगृहात खोली मिळाली होती. संघातली जागा गेली की खोली जाणार, खोली गेली की कॉलेज सुटणार आणि मी बाबांच्या दुकानात खिळे-स्क्रू मोजत बसणार, हा हिशोब मला पाढ्यासारखा पाठ होता.

तेव्हाचे आमचे सर शिट्टीचे शौकीन होते. पास सुटला की शिट्टी, आणि पकडणारीला मैदानाला पाच फेऱ्या. त्यामुळे आम्ही खेळात जेमतेम आणि वकिलीत पटाईत झालो होतो. तिने नीट दिला नाही, हिने हात पुढे केले नाहीत, कोणाच्या तरी बुटाची नाडी सुटली होती. दोष आपला नाही हे सिद्ध करण्यात अर्धा सराव जायचा. माझ्या फेऱ्या सगळ्यांत जास्त. सरांनी मला उजव्या बाजूला उभं केलं होतं, म्हणजे सगळं मैदान माझ्या डावीकडे, आणि सगळे पास तिकडूनच यायचे. एक मात्र झालं, माझा दम जबरदस्त वाढला.

दुसऱ्या वर्षी सरांना दुसरीकडे नोकरी लागली. महिनाभर आम्हाला वाली नव्हता. मग एका संध्याकाळी जिमखान्याच्या दारात पन्नाशी उलटलेली, आखूड केसांची, ठेंगणी बाई उभी राहिली. शिपायाने आधीच बातमी फोडली होती. बाई एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होत्या, तरुणपणी इस्पितळाच्या संघातून खेळल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून प्रशिक्षकाची परीक्षा पास झाल्या होत्या. आमच्यातली सगळ्यात उंच मुलगी, जिला आम्ही शिडी म्हणायचो, ती पुटपुटली की आता आपल्याला सलाईन लावणार. आम्ही त्यांना मॅडम अशी हाक मारून पाहिली, त्यांनी नकारार्थी मान हलवली. तीस वर्षं सगळे सिस्टर म्हणत आले, आता दुसऱ्या नावाला ओ जाणार नाही, म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला पळवलंच नाही. जोड्या करून समोरासमोर उभं केलं आणि बॉल फक्त हातात द्यायला सांगितला. घेणारीने “घेतला” म्हटल्याशिवाय देणारीने सोडायचा नाही. थिएटरमध्ये कात्री अशीच देतात, त्या म्हणाल्या. सर्जनचे डोळे जखमेवर असतात, तो हाताकडे बघत नाही, कात्री त्याच्या तळव्यात बसली पाहिजे, आणि बसली हे कळेपर्यंत आपण सोडायची नाही. वीस वर्षांच्या घोड्या आम्ही, बाळ सांभाळावं तसा बॉल एकमेकींना देत अर्धा तास उभ्या होतो. कॅप्टनचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

आठवडाभराने आम्ही दोन पावलं मागे सरकलो, मग चार, मग अर्धं मैदान. आता फेकणारीने आधी ओरडून सांगायचं, कुठे येतोय: छाती, खाली, उजवा, डावा. आणि हाताला लागला की घेणारीने ओरडायचं, “घेतला.” ज्या जिमखान्यात फक्त शिट्टी ऐकू यायची तिथे बारा मुलींचा कलकलाट सुरू झाला. शेजारच्या वाचनालयातून तक्रार आली. सिस्टरांनी ती शांतपणे वाचली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. चूक झाली की जिची असेल तिने मोठ्याने “माझं” म्हणायचं. शिक्षा नाही, फेरी नाही, खेळ पुढे चालू. चूक लपवली किंवा दुसरीवर ढकलली तर मात्र त्या दिवशी खुर्चीवर बसायचं. पहिल्या दोन दिवसांत सहा खुर्च्या भरल्या. वकिली एकाएकी बंद करणं सोपं नसतं.

आणि सराव संपला की मोजणी. सहा बॉल, बारा बाटल्या, बारा मुली. मग सिस्टर विचारायच्या, “आत काही राहिलं का?” पोट शिवण्याआधी थिएटरमध्ये सगळं मोजतात, एकही कापसाची पट्टी आत राहता कामा नये. तसं प्रत्येकीने मनात राहिलेलं काही असेल तर तिथेच बोलायचं आणि मोकळं होऊन घरी जायचं. कोणी म्हणे पाय दुखतोय, कोणी म्हणे कॅप्टन मला पासच देत नाही. मी रोज म्हणायची, काही नाही.

माझे पास मात्र पडतच होते. “डावा” असं कोणी ओरडलं की मी मान गर्रकन वळवायची, आणि तोवर बॉल खांद्यावर आदळून गेलेला असायचा. एका संध्याकाळी मी अकरा वेळा “माझं” म्हणाले. अकराव्यांदा कॅप्टन म्हणाली की महाराणी नुसतं माझं माझं म्हणतात, सुधारत काही नाहीत. कोणी हसलं नाही, पण कोणी तिला गप्पही केलं नाही. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. बॉलकडे नाही, माझ्या मानेकडे.

त्या दिवशी मोजणीआधी त्यांनी आम्हाला जमिनीवर बसवलं आणि स्वतःही मांडी घालून बसल्या. मग सांगू लागल्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाईच्या ऑपरेशनच्या शेवटी मोजणीत एक पट्टी कमी भरली होती. सर्जन घाईत होते, मोठे होते, रागीट होते. त्यांनी विचारलं, सगळं बरोबर ना? आणि सिस्टर म्हणाल्या, बरोबर. घरी गेल्यावर घास उतरेना. पहाटे उठून इस्पितळात गेल्या आणि सांगितलं. बाईचं पोट पुन्हा उघडावं लागलं. ती वाचली.

“नोकरी जाणार म्हणून मी बॅग भरून ठेवली होती,” सिस्टर म्हणाल्या. “सर्जन तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, जी सांगते तिच्या हातून मी कात्री घेऊ शकतो.”

मग उठून त्यांनी नेहमीसारखं मोजलं. सहा बॉल, बारा बाटल्या, बारा मुली. आत काही राहिलं का? त्यांनी माझ्याकडे मुद्दाम पाहिलंही नाही, हे उपकार मी अजून विसरले नाही. नजर टाकली असती तर मी पुन्हा मूठ आवळली असती.

“मला डाव्या डोळ्याने दिसत नाही,” मी म्हणाले. “सात वर्षांची होते तेव्हापासून.”

मी मनात खोली आवरायला लागले होते, गादी, बादली, पुस्तकांची पेटी. तेवढ्यात कॅप्टन उभी राहिली. दोन वर्षं जिने मला पाण्यात पाहिलं, जिने ते नाव ठेवलं, ती माझ्यासमोर येऊन, उजव्या बाजूने येऊन, उभी राहिली.

“माझं,” ती म्हणाली.

मी रडले. लपवायचं काही उरलंच नव्हतं, मग रडणं तरी कशाला लपवा.

जागा लगेच वाचली असं नाही. सिस्टर मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी सगळं तपासून खेळायला हरकत नाही असं लिहून दिलं, फक्त उजवा डोळा जपायला पट्ट्याचा जाड चष्मा लावायची अट घातली. तो कागद घेऊन सिस्टर प्राचार्यांच्या खोलीत गेल्या आणि चाळीस मिनिटांनी बाहेर आल्या. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. खोली माझीच राहिली. आईला कळवलं तर ती म्हणाली, आता लग्नाच्या वेळी लोकांना काय सांगायचं? मी म्हटलं, सांगून टाकू की पोरगी नवऱ्याकडे काणाडोळा करणार नाही, एकच डोळा आहे. आई दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःच हसली.

सिस्टरांनी मला उजवीकडून उचलून डाव्या बाजूला, रेषेला खेटून उभं केलं. आता माझ्या आंधळ्या बाजूला नुसती रेषा आणि सगळं मैदान उजवीकडे. इतकी साधी गोष्ट. सरांच्या काळात मी पाचशे तरी फेऱ्या मारल्या असतील, आणि उत्तर तीस पावलांवर होतं.

त्या वर्षीच्या आंतरकॉलेज स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात, ज्या संघाने आम्हाला आदल्या वर्षी धुतलं होतं त्यांच्याशी, आम्ही एका गुणाने मागे होतो. शेवटच्या धावपळीत माझी जागा सुटली आणि मी नेमकी उजव्या बाजूला जाऊन पोचले. बॉल कॅप्टनकडे, माझ्या अंधारात. “डावा, छाती,” ती ओरडली. मान वळवायला वेळ नव्हता. मी बास्केटकडेच बघत डावीकडे हात धरले आणि बॉल तळव्यात येऊन बसला. “घेतला,” मी ओरडले, आणि टाकला. आम्ही जिंकलो. पुढच्या सामन्यात सपाटून मार खाल्ला, तेही सांगितलेलं बरं.

आता मी एका औषधाच्या दुकानात काम करते. बाटली गिऱ्हाइकाच्या हातात बसेपर्यंत सोडत नाही, मालक हसतात. महिन्यातून एकदा सिस्टरांकडे जाते. परवा गेले, चहा केला आणि कप पुढे धरला. त्या म्हणाल्या, ठेव टेबलावर, गार होऊ दे. मागच्या महिन्यातही त्या हेच म्हणाल्या होत्या. मी नीट पाहिलं. उजवा हात त्यांनी मांडीवरच्या शालीखाली ठेवला होता.

“सिस्टर,” मी म्हटलं, “आत काही राहिलं का?”

मग त्यांनी हात शालीबाहेर काढला. तो थरथरत होता.

“तीन महिने झाले,” त्या म्हणाल्या. “कोणाला बोलले नाही.”

डॉक्टरांकडे मंगळवारी जायचं ठरलं, मी सोबत जाणार आहे. मग मी कप पुन्हा उचलला, त्यांच्या दोन्ही तळव्यांमध्ये दिला आणि तसाच धरून थांबले.

“घेतला,” सिस्टर म्हणाल्या. तेव्हा मी सोडला.