निंबाखालचा ओला पंचा

मास्तर गेल्याची बातमी मला कचेरीच्या पायरीवर कळली. उन्हाळ्याच्या सकाळच्या कचेऱ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एका कज्ज्यात तारीख घेऊन मी बाहेर आलो, तर समोर श्रीपत उभा. श्रीपत पातूरकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, अमरावतीला आमच्या जुन्या शाळेत शिकणारा आणि मास्तरांचा सगळ्यात लाडका धावणारा. पाय अनवाणी, अंगभर धूळ. "वकीलसाहेब, मास्तर उठून नाई राहिले," एवढंच तो म्हणाला. टांगा करून आम्ही बडनेऱ्याच्या रस्त्याला गेलो. तिथल्या मोठ्या कडुनिंबाला पाठ टेकून मास्तर बसले होते, डोळे रस्त्याकडे लावून. मांडीवर त्यांचा पंचा होता. तो कडक वाळला होता, आणि तेवढं पाहिलं तेव्हाच मी समजलो... तो पंचा वाळलेला मी जन्मात कधी पाहिला नव्हता.

दामोदर मास्तर शाळेचे ड्रिल मास्तर. पण तीस-पस्तीस वर्षांतल्या पोरांनी त्यांना 'बसवे मास्तर' याच नावानं ओळखलं, कारण ते पोरांना धावायला शिकवत त्यापेक्षा बसवत जास्त. शर्यत असो की रोजचा सराव, मास्तर सुरुवातीच्या रेघेवरही नसत आणि शेवटच्या दोरीपाशीही नसत. ते अर्ध्या वाटेवर, जिथं ऊन पाठीवरून डोक्यावर येतं तिथं, एखाद्या झाडाखाली पाण्याची बादली घेऊन उभे राहत. खांद्यावर ओला पंचा. येणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडाकडे ते सावकारासारखे निरखून बघत. घाम निथळत असेल तर "जा बाबू, जा." पण तोंड कोरडं दिसलं, कातडी तापून लाल झाली आणि घाम मात्र आटला, की पंचा वर व्हायचा. वर झाला म्हणजे संपलं. पहिला असो की शेवटचा, त्यानं गुमान सावलीत येऊन बसायचं, मग तोच पंचा डोक्यावर आणि हातात फोडलेला कांदा. दुसऱ्या शाळांचे ड्रिल मास्तर हसायचे. तुमची पोरं धावायला येतात की पंगतीला, असं विचारायचे. मास्तरही त्यांच्यासोबत हसायचे.

मला त्यांनी बसवलं ते अकोल्याला. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि वऱ्हाडात माझ्यासारखा धावणारा नाही अशी माझी खात्री होती. शर्यत चैत्रातली, ऊन मी म्हणत होतं. मोर्णा नदीच्या पुलापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होतो. मागे फक्त अकोल्याचा एक उंच मुलगा, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. पुलाच्या तोंडाशी पंचा वर झाला. मी न पाहिल्यासारखं करून पुढे जाणार, तोच मास्तरांनी रस्त्यात येऊन मला कवेत धरलं. "कावून थांबवलं मले?" मी ओरडलो, रडलो, त्यांच्या हाताला चावलोसुद्धा. ते म्हणाले, "तुया घाम आटला हाय. आता धावून राहिला तो तू नाईस." तो उंच मुलगा आमच्या बाजूनं निघून गेला. मास्तरांनी त्यालाही हाक मारली, पंचा हलवला. पण तो त्यांचा विद्यार्थी नव्हता, तो कशाला थांबतो? त्याला चांदीचा पेला मिळाला. त्याच्या वडिलांनी त्याला खांद्यावर घेतलं, पेढे वाटले. एक पेढा मलाही मिळाला आणि मी तो रागानं फेकून दिला. अमरावतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही स्टेशनवर उभे होतो, तेव्हा कोणीतरी येऊन मास्तरांच्या कानात काही सांगितलं. मास्तर खाली बसले. दिवेलागणीच्या आधीच तो मुलगा गेला होता. त्याचं नाव मला अजून आठवतं, पण त्याच्या घरची माणसं हे वाचतील म्हणून लिहीत नाही. त्यानंतर मी कधी शर्यत धावलो नाही, आणि मास्तरांच्या घरी जाणं कधी सोडलं नाही.

मास्तरांची तेरवी आटोपली आणि जुन्या विद्यार्थ्यांनी सभा भरवली. खेड्यातल्या एका हुशार, धावणाऱ्या मुलाला अमरावतीत राहून शिकता यावं म्हणून मास्तरांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवायची, असं ठरलं. यात कोणाचं दुमत असणार? मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. अध्यक्ष झाले मोर्शीकडचे एक संत्र्याच्या बागांचे धनी, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणतात. माणूस दिलदार, मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. त्यांनी सुचवलं की वर्गणीसाठी मोठी शर्यत ठेवू, आणि जो पहिला येईल त्यालाच पहिली शिष्यवृत्ती. डेप्युटी कमिशनर साहेब बक्षीस द्यायला कबूल झाले. पण ते उन्हाळ्यासाठी थंड हवेच्या पचमढीला जायच्या आत हवं, म्हणून दिवस ठरला वैशाखातला. आणि कचेऱ्या सकाळच्या असल्यामुळे त्या सुटल्यावर साहेबही येतील, वकील मंडळीही येतील, म्हणून वेळ ठरली ऐन दुपारची! ज्यांना मास्तरांनी बारा-बारा वर्षांच्या वयात सावलीत बसवलं, त्याच शहाण्यांनी हे ठरवलं. मी विरोध केला. रावसाहेब हसून म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी लय भेता. लोक शर्यत पाहाले येतात, नुसतं दान द्याले कोणी येत नाई." बोलणं खोटं नव्हतं. शर्यत बडनेऱ्याच्याच रस्त्यानं, मंडप शेवटच्या दोरीपाशी घालायचा, पाण्याचे रांजणही तिथंच. अर्ध्या वाटेवरच्या निंबाची आठवण कोणालाच झाली नाही.

आता गावात भिंतीभिंतीवर जाहिराती लागल्या आहेत. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना थांबवलं, त्याचं नाव न थांबणाऱ्याला मिळणार आहे. आणि कोण पहिला येणार हे सगळ्या अमरावतीला ठाऊक आहे. श्रीपत भर उन्हात सराव करतो. मी त्याला घरी बोलावून सांगितलं, माझ्याकडे राहा, शीक, माझी मुलं जेवतात तसा जेव, पण ही शर्यत सोड. तो म्हणाला, "फुकटचं नाई पायजे मले. मास्तरचं नाव जिकून घ्याचं हाय."

"अरे, घाम आटला तर?"

"त्या दिवशी मी त्यायच्या पुढूनच धावत गेलो, साहेब. त्यायनं पंचा वर केला नाई, मले वाटलं आपलं बराबर हाय. परतलो तं तसेच बसून होते. ते गेले असतीन तवा मी पुढं धावून राहिलो होतो. आता कावून थांबू?"

निंबाखाली मी उभा राहीन, असं मी त्याला सांगितलं. मी पंचा वर करीन. त्यानं माझ्याकडे अगदी मायेनं पाहिलं. "तुमी करा, साहेब," तो म्हणाला, "पण मी मास्तरसाठी थांबत होतो, पंच्यासाठी नाई." अकोल्याच्या पुलावरचा तो उंच पाठमोरा मुलगा मला तेव्हापासून सारखा दिसतो. झोपेत तर दिसतोच, कोर्टात उलटतपासणी घेतानाही दिसतो. वऱ्हाडातला वैशाख कसा असतो, हे वाचकांना मी काय सांगावं? परवा माझ्या अंगणातली एक साळुंकी उडता उडता खाली पडली.

वाचकांना एवढंच मागणं. शिष्यवृत्तीला हात सैल सोडून वर्गणी द्या, मास्तरांचं नाव राहायलाच हवं. शर्यत पाहायलाही या. पण मंडपात बसू नका, निंबापाशी या आणि ओरडू नका. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या वकिलाला एका तरण्या पोराला कवेत धरता येईल की नाही, मला सांगता येत नाही. तिथं चार हात जास्त असले तर बरं होईल.

काल मास्तरांच्या घरी गेलो. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, त्यांची खोली तशीच ठेवली आहे. कोपऱ्यात बादली, खुंटीला पंचा. पंच्यातून पाणी ठिबकत होतं. "सकाळी उठलं का हात आपसूक जाते बादलीत," काकू म्हणाल्या. मी शर्यतीचं सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं, भिंती त्यांच्याही गल्लीत आहेत. निघताना त्यांनी पंचा खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला. "न्या. पण वाळू देऊ नका."

तो आता माझ्या खुर्चीच्या पाठीवर आहे. लिहिता लिहिता मी पुनःपुन्हा उठून तो भिजवतो आहे. बाहेर झळा सुटल्या आहेत, खिडक्या बंद आहेत, वाळ्याचा पडदा ओला आहे... आणि तरी इतकं लिहून होईपर्यंत तो पुन्हा वाळला.