दगडी ओंडक्याचा वास

अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. बायको म्हणते, माझा व्यायामावरही नाही... तेव्हा याला फार किंमत देऊ नका.

माझे वडील आलापल्लीच्या लाकूड डेपोत मोजणीला होते. सागाचा ओंडका नुसता हुंगून तो कधी तोडला ते सांगायचे. दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि त्यांना वास येणंच बंद झालं. मागोमाग चव गेली. जेवण दोन घासांवर आलं. त्यांच्या कमरपट्ट्याला तीन नवी भोकं मीच पाडली.

मागच्या हिवाळ्यात हवापालट म्हणून त्यांना सिरोंच्याकडे नेलं. तिथे प्राणहिता नदीच्या काठी बाग आहे – झोपाळे, चालायचा ट्रॅक, ओपन जिम. (एका यंत्रात माझा पाय अडकला, पण तो आजचा विषय नाही.) मधोमध एक ओंडका आडवा ठेवलाय. पाटी सांगते : कोट्यवधी वर्षांपूर्वीचं झाड, आता पूर्ण दगड.

बाबांनी पाटी वाचलीच नाही. जुन्या सवयीने ओंडक्याला कवेत घेऊन गोलाई पाहिली, बोटांनी ठोकलं, टोकाशी नाक नेलं. बराच वेळ तसेच वाकलेले.

मी म्हणालो, "बाबा, दगड आहे तो."

"ओला आहे. काल-परवाच कापला असन."

"सागवान का?"

"नाई. असा वास मले जिंदगीत नाई आला."

वास... सोबत आलेल्या बायकोने लगेच जेवणाची पिशवी पुढे ओढली.

डबा सोडला. वांग्याची भाजी मी केली होती. झाकण पुरतं निघालंही नव्हतं, तर बाबा म्हणाले, "लसूण जाळला तू." आणि तीनदा भात घेतला. खाली अंथरलेला पेपर त्यांच्या बाहीला चिकटत होता. मला वाटलं, भाजीचं तेल.

डॉक्टर म्हणाले, गेलेला वास कधीही परत येतो. मान्य. तरी महिन्याने मी एकटाच तिथे गेलो, गुडघे टेकून तो ओंडका हुंगला. ट्रॅकवरच्या बाया थबकल्या. चौकीदाराने विचारलं, "काऊन भाऊ, काही हरवलं का?"

मला आला तो उन्हात तापलेल्या दगडाचा वास.

पण बाबांच्या त्या सदऱ्याच्या बाहीवर डिंकासारखा पिवळा डाग आहे. चार धुण्यांत गेला नाही. बाबा जेवायला बसण्याआधी ती बाही हुंगतात. कोणी बघत नसलं की मीही हुंगतो.

मला साबणाचा वास येतो.