कडुलिंबाची डहाळी

हिपॅटायटिसवरच्या उपचाराचं इंजेक्शन घेतलं की ह्यांच्या अंगावर लाल चट्टे उठतात. आज ह्यांनी नखांनी पोट ओरबाडून रक्त काढलं. ते बघून शेजारच्या काकूंनी आमच्या दाराला कडुलिंबाची डहाळी खोचली. "देवी आल्यात. आता औषध बंद करा, नाहीतर आई कोपेल."

डॉक्टरांनी चट्टे बघूनच औषध चालू ठेवलं होतं. पण कोपलेल्या देवीला दहीभात तरी दाखवता येतो, औषधाला काय दाखवायचं? इतकी वर्षं त्या आजाराने ह्यांना साधा ओरखडा काढला नाही. मारणारा गप्प बसून होता आणि वाचवणारं कातडी सोलतंय.

मी डहाळी उतरवली. ह्यांनी आपणहून दोन्ही हात पुढे केले.

"आधी सुई टोच," म्हणाले, "मग तुझ्या जुन्या लुगड्याने हात बांध. घट्ट."