पलीकडच्या पातीचं पाणी

देवासला तेव्हा दोन दरबार होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि आमच्या घरासमोरचा रस्ता म्हणजे दोघांची हद्द. ओट्यावर बसून मी या राज्यात तांदूळ निवडायची आणि समोर वाळवण घालणारी बाई त्या राज्यात. राजे दोन, कचेऱ्या दोन, माणसांची सोयरीक मात्र एकमेकांतच. माझं माहेर धारचं. तिथे राजा एक, त्यामुळे बोलण्याआधी रस्ता कुठे संपतो ते बघायची सवय मला नव्हती. आमची पाती कोणती ते सांगत नाही. दोन्हीकडची माणसं अजून नांदताहेत, उगाच कुणाला ठसका नको.

आमच्या गल्लीच्या टोकाला बावडी होती, पायऱ्या उतरून जायची जुनी विहीर. वर्षानुवर्षं गाळ उपसलेला नव्हता, पाणी पार मचूळ झालेलं. त्या पाण्यात तुरीची डाळ टाकली की लाकडं संपायची, डाळ तशीच. रस्त्यापलीकडे त्या पातीची विहीर, तिचं पाणी गोड. आमच्या बाजूच्या झाडून साऱ्या घरांत पिण्याचं नि स्वयंपाकाचं पाणी तिकडून यायचं. दिवस उजाडायच्या आत भरायचं, आणि पुरुषांनी विचारायचं नाही. आमची पाणी भरणारी, माळवी बोलणारी बाई पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “बाईसाब, वां को पाणी मीठो हे. पण केजो मत.” सांगू नका, एवढंच मी तेव्हा धड ऐकायला हवं होतं.

त्या वर्षी आमच्या बाजूच्या म्युनिसिपल कमिटीत पहिल्यांदाच काही सभासद लोकांनी निवडायचे ठरले. आमचे हे वकील. त्यांनी उभं राहायचं मनावर घेतलं, आणि कारण एकच, बावडी. कमिटीत गेलो तर गाळ उपसून झरे मोकळे करीन, असं ते घरोघरी सांगत फिरायचे. इतकं मनापासून काही करताना मी त्यांना लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. जेवताना पाटावर बोटानं पायऱ्यांचा नकाशा काढायचे, वरण गार व्हायचं. मला त्यांचं हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं. त्यांच्या विरुद्ध उभे होते दरबारातले एक जुने मानकरी. त्यांना बावडीशी काही कर्तव्य नव्हतं, खुर्ची पाहिजे होती.

मत पुरुषांचं. पण चैत्र होता, घरोघरी गौर झोपाळ्यावर बसलेली, आणि यांचे मित्र म्हणाले, वहिनींनी हळदीकुंकू जरा मोठं करावं, घराघराशी बोलणं होईल. केलं. गल्ली लोटली. कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, पन्हं. मानकऱ्यांच्या घरातल्या काकूसुद्धा आल्या. पन्ह्याचा घोट घेऊन त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “अगबाई, वकिलीणबाई, पन्हं फार छान हो! गूळ कुठला?”

आता “आपला नेहमीचाच” म्हणून गप्प बसावं की नाही? पण माझी जीभ मेली धारची!

“गूळ नेहमीचाच, काकू,” मी म्हटलं, “पाणी पलीकडच्या पातीचं. आपल्या बावडीचं पाणी तोंडात धरवतं का? त्या दरबारानं विहीर राखली, आपल्यानं नाही राखली. तुमच्याकडेही तिकडूनच येतं की! मी आपली बोलून दाखवते एवढंच.”

बायकांनी माना खाली घातल्या. दोघीतिघी पदराआड हसल्या. काकूंनी पेला खाली ठेवला आणि ओटी न घेता उठल्या.

दिवेलागणीच्या आत माझं वाक्य गावभर झालं. वकिलाची बायको या राज्यात राहून त्या राज्याचे गोडवे गाते. मानकऱ्यांनी देवळापुढच्या सभेत हात जोडून विचारलं म्हणे, ज्याच्या घरात दरबारची इतकी किंमत, त्याला दरबारच्या कमिटीत कशाला पाठवायचं? यांचे मित्र घरी येऊन बसले. एकानं उपाय काढला. वहिनींनी अक्षय्य तृतीयेला पुन्हा हळदीकुंकू करावं, आपल्या बावडीच्या पाण्याचं पन्हं करावं, आणि सगळ्यांदेखत पिऊन गोड आहे म्हणावं. बस्स, मिटलं.

एका घरात एका चैत्रगौरीची दोन हळदीकुंकवं! सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मी भडकले. “खोटं बोलू? गौरीपुढे?”

हे मान वर न करता म्हणाले, “एक पेला. माझ्यासाठी.” त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी त्या पेल्याला कबूल झाले. त्या दिवसापासून पलीकडचं पाणीही बंद केलं, कुणी पाळत ठेवील म्हणून. घरात रोज कच्ची डाळ. सासूबाईंना दात नव्हते, त्या नुसता भात कालवून खायच्या. मानकऱ्यांकडे मात्र कळशा तिकडूनच चालल्या होत्या, माझ्या डोळ्यांदेखत!

तृतीयेला पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट बायका आल्या. तमाशा बघायलाच आल्या होत्या, दुसरं काय. काकू सगळ्यांच्या पुढे. मी बावडीच्या पाण्याचं पन्हं ओतून घेतलं, गौरीकडे पाहिलं नाही, आणि पेला रिकामा केला. गूळ चौपट घातला होता तरी घशाशी आलं.

“गोड आहे,” मी म्हटलं. “आपल्या बावडीचं पाणी चांगलं गोड आहे. मागे मी चुकून बोलले.”

काकू समाधानानं ओटी घेऊन गेल्या. मला वाटलं, जिंकलो.

मताच्या दिवशी शाळेच्या पटांगणात एकेकानं उभं राहून नाव सांगायचं होतं. आमच्या गल्लीतली माणसं, ज्यांच्या बायका पहाटे रस्ता ओलांडत होत्या, ती एकामागून एक उठली आणि मानकऱ्यांचं नाव घेत गेली. एक म्हातारा दुकानदार खाली बसता बसता यांना म्हणाला, “भिया, घर की बाई बोले पाणी मीठो हे, तो फिर तू करेगा क्या?” पटांगण हसलं.

हे संध्याकाळी घरी आले. मी पान वाढलं. वरण कसलं, पिवळ्या पाण्यात दाणे. मला रडू फुटलं. “माझ्या जिभेनं घात केला,” मी म्हटलं, “मला बोला, काय वाटेल ते बोला.”

त्यांनी डाळीचा एक दाणा दाताखाली चावला, ताट बाजूला सारलं.

“तुझ्या पहिल्या बोलण्यानं माझी दोनचार मतं गेली असती,” ते म्हणाले. “बाकी गल्ली मनातून तेच म्हणत होती. दुसऱ्या बोलण्यानं सगळी गेली. आणि ते दुसरं तुझं नव्हतंच. माझं होतं.”

मग ते उठले, स्वयंपाकघरातली पितळी कळशी उचलली, आणि अंगात कचेरीचा कोट तसाच ठेवून बाहेर पडले. अजून चांगला उजेड होता. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं बसलेली. ते सावकाश रस्ता ओलांडून गेले, स्वतः पोहरा ओढून कळशी भरली, आणि खांद्यावर घेऊन तसेच सगळ्यांसमोरून परत आले. कोट भिजला होता. आमच्याच बाजूच्या एका ओट्यावरून मानकऱ्यांच्या घरातल्या काकू बघत होत्या.

मी डोळे पुसले आणि चुलीवर पुन्हा डाळ चढवली. त्या रात्री सासूबाईंनी दोनदा वरण मागून घेतलं.